फुकटच्या आठवड्यात पोळ्या कोण लाटणार?

ताई,
आमचं अक्कलकोट रोडला टॉवेलचं छोटं युनिट आहे, घर जुळे सोलापुरात. मोठे दीर पुण्यात असतात. त्यांनी काही वर्षांपूर्वी टाइमशेअरचं सभासदत्व घेतलंय, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरवर्षी एक आठवडा रिसॉर्टला राहायचं. यंदाचा त्यांचा आठवडा अदलाबदलीत मॉरिशसच्या एका फॅमिली रिसॉर्टला मिळतोय, मेच्या सुट्टीत. दोन बेडरूमचा फ्लॅट, आत स्वयंपाकघर. 'राहणं फुकट, फक्त तिकिटं काढा,' असं भाऊजी म्हणतात. आम्ही आठ जण: सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आम्ही दोघं. आमचा मुलगा हॉस्टेलला आहे, त्याची परीक्षा आहे. आठवी माझी आत्येसासू, त्या आमच्याकडेच असतात. तिन्ही वडीलधारे शुद्ध शाकाहारी, बाहेरचं खात नाहीत. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'किचन आहेच, आपण दोघी मिळून करू, जेवणाचा खर्च वाचेल.' सगळे खूश. मीही हो म्हणाले, पण त्या रात्री झोप लागली नाही. घरचं आणि युनिटचा हिशोब, दोन्ही वर्षभर मीच बघते. तिथेही समुद्राकडे पाठ करून पोळ्याच लाटायच्या का? बोलावं तर 'फुकट मिळतंय त्यातही नखरे' असं व्हायचं. शिवाय तिथे सभासदत्व विकायच्या प्रेझेंटेशनला बसवतात म्हणे, आणि आमच्या ह्यांना आत्तापासूनच आपलंही सभासदत्व असावंसं वाटायला लागलंय. आणखी एक, हसू नका. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, समुद्रात उतरायचं तर अंगावर काय घालायचं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

जा. जरूर जा. पण 'आपण दोघी मिळून करू' या बोलीवर जाऊ नका. ती बोली तिकिटं काढायच्या आधी मोडायला हवी आणि ते तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. माझा अंदाज असा, की त्या रात्री पुण्यात जाऊबाईंनाही झोप लागली नसणार. सासू-सासरे समोर बसलेले असताना थोरल्या सुनेच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं?

आधी त्या फुकटचा निकाल लावू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. भाऊजींनी सभासदत्वासाठी एकदा मोठी रक्कम भरली असणार, आणि वर दरवर्षी देखभालीचं शुल्क भरत असणार. आठवडा वापरला तरी भरायचं, नाही वापरला तरी भरायचं. स्वतःच्या कंपनीचं रिसॉर्ट सोडून दुसरीकडचा आठवडा हवा असेल तर तो अदलाबदल करणाऱ्या संस्थेमार्फत येतो. आरसीआय ही त्यातली जुनी, १९७४ पासूनची. तिथे पुन्हा सभासदत्व लागतं आणि प्रत्येक अदलाबदलीला वेगळं शुल्क पडतं. म्हणजे हा आठवडा तुम्हाला फुकट आहे, भाऊजींना नाही. तेव्हा तुमच्या यजमानांनी 'दादा, आमच्या वाटणीचे किती?' असं एकदा तरी विचारावं. ते 'छे छे' म्हणतील. मग पुढच्या खर्चातला मोठा वाटा तुम्ही उचला. जो खर्च उचलतो त्याला तो कसा करायचा हे बोलायचा हक्क आपोआप मिळतो आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे.

भाऊजींकडून बुकिंगचा पूर्ण कागद मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्विमिंग पूलचा फोटो म्हणजे कागद नव्हे. त्यात सगळ्यात आधी माणसांचा आकडा बघा. अशा बुकिंगवर बहुधा दोन आकडे असतात, समजा ६ आणि ४. पहिला एकूण किती जण झोपू शकतात त्याचा, दुसरा किती जणांना दाराआड झोपता येईल त्याचा. उरलेले दोघं हॉलमधल्या सोफ्यावर, जो रात्री ओढून पलंग करायचा असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटला पुष्कळदा सहाचीच परवानगी असते. आपल्याकडे लग्नघरात गाद्या टाकल्या की वीस माणसं मावतात. तिथे तसं चालत नाही. आगीच्या नियमामुळे आकडा म्हणजे आकडा, आणि आठ जण काउंटरवर उभे राहिले तर दोघांना दुसरी खोली घ्यायला लावतील, तीही त्या दिवसाच्या दरानं. कागदावर सहा असेल तर त्याच रिसॉर्टमधला एक स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, आत्ताच पैसे देऊन घ्या आणि त्यात तुम्ही दोघं जा. भाऊजींचा फ्लॅट, भाऊजींच्या आई-वडिलांना त्यातली बाथरूम जोडलेली बेडरूम, हे शोभूनही दिसतं. त्या स्टुडिओला स्वयंपाकघर नसलं तर दुधात साखर.

मग जेवणाची ओळ शोधा. बेटांवरची काही रिसॉर्ट्स अदलाबदलीनं येणाऱ्यांवर जेवणाखाण्याचं पॅकेज सक्तीचं करतात, माणशी रोजचा ठरलेला आकार. ही ओळ बारीक अक्षरात असते आणि बऱ्याचदा काउंटरवरच पहिल्यांदा वाचली जाते. आठ माणसं, सात दिवस म्हणजे छप्पन्न ताटं. माणशी रोज पाच हजार रुपये धरले तर दोन लाख ऐंशी हजार. हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमचा कागदावरच कळेल. सक्ती असेल तर स्वयंपाकाचा प्रश्नच मिटला, फक्त खर्च वाचण्याची गोष्टही तिथेच मिटली. सक्ती नसेल तर पुढचं वाचा.

नाव कुणाचं आहे तेही पाहून ठेवा. सभासद स्वतः हजर नसेल तर पाहुण्याच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. भाऊजींना ऐन वेळी ऑफिसनं अडकवलं आणि बाकीचे सात जण पुढे गेले, तर त्या कागदाशिवाय चावी मिळणार नाही. आणि चावी घेताना क्रेडिट कार्डावर अनामत अडवून ठेवतात, तेव्हा ते कार्ड कुणाचं असणार तेही ठरलेलं असू दे.

आता ते स्वयंपाकघर. घरोघरी मातीच्या चुली असतील, या फ्लॅटात बहुधा काचेची असते. काळी, सपाट, विजेवर तापणारी, दोन किंवा चार गोल. गॅस नाही, ज्योत नाही. त्यावर तुमचा खोलगट तवा नीट बसत नाही. चूल इंडक्शनची निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. भाकरी एका बाजूनं शेकली की उलटून जाळावर धरायची, तर जाळच नाही. भाकरी फुगत नाही, पापडासारखी वाळत जाते आणि आत्येसासूबाई पहिल्याच घासाला काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही. कढई एक, तीही जाड नाही. पातेली तीन, झाकणं दोन. लाटणं नसतंच. बाटलीनं पोळ्या लाटणाऱ्या सुना परदेशात बऱ्याच असतात. आणि तेलात मोहरी-मिरची टाकली, जरा धूर झाला, की छतावरचा गोल पांढरा डबा किंचाळायला लागतो. मग पुतणी टॉवेल घेऊन त्याला वारा घालणार, खालून सुरक्षारक्षक येणार, सासरे बाहेर येऊन 'काय झालं?' विचारणार. हे रोज दोन वेळा. शिवाय हे स्वयंपाकघर वेगळ्या खोलीत नसतं, हॉलच्याच एका भिंतीला असतं. त्याच हॉलमध्ये सोफ्यावर पुतणी झोपलेली. सासऱ्यांना पाचला चहा लागत असेल तर सगळा फ्लॅट पाचला उठणार.

आणि घड्याळाचं बघा. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि विषुववृत्ताच्या खालच्या बाजूला. मे महिन्यात तिथे हिवाळ्याची सुरुवात, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही आठ जणांचा नाश्ता आटोपून, कुकर लावून, दुपारी दोनला पानं घेऊन तीनला ओटा पुसलात, तर पाण्याजवळ बसायला हातात अडीच तास. एवढ्यासाठी इतक्या लांब जायचं? सोलापुरात पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना संध्याकाळी कंबर तलावाच्या काठी बसलं तरी एवढा वारा मिळतो.

तेव्हा जाऊबाईंना फोन करा. यजमानांना मध्ये घालू नका. भावाभावांत हा विषय गेला की त्याचा 'बायकांचा वाद' होतो आणि मग तो सुटत नाही. दुपारी, त्या एकट्या असताना, सरळ बोला: 'ताई, मी तेव्हा हो म्हणाले खरी, पण मला तिथे रोज दोन वेळचा स्वयंपाक करायचा नाही. तुम्हाला मनापासून करायचाय का?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. कारणं देऊ नका, पाठ दुखते वगैरे तर अजिबात नको. कारण दिलं की त्यावर उपाय सुचवले जातात. त्यांनी 'नाही गं' म्हटलं तर दोघींचं एकमत झालं. 'मला चालेल' म्हणाल्या तर, 'मग आपण असं करू', म्हणून ही वाटणी पुढे ठेवा. सकाळचा चहा-नाश्ता फ्लॅटात, आणि तो दोघं भाऊ करतील. दूध, पाव, लोणी, केळी, पपई, बाजारचं दही. यात येण्यासारखं काही नाही, त्यांनाही येईल. दुपारचं बाहेर, जिथे फिरायला जाल तिथे. रात्री एक दिवसाआड बाहेर आणि उरलेल्या रात्री मसालेभात नाहीतर मुगाची खिचडी, एकाच पातेल्यात. पोळी-भाकरी लाटायची नाही, ही अट आधीच सांगा. भांडी पुतणीच्या वाट्याला. भांडी धुण्याचं यंत्र असलंच तर ते लावायलाही तीच.

हे ठरलं की मगच सासूबाईंना सांगा, तेही दोघींनी मिळून, 'आम्ही असं ठरवलंय' म्हणून. 'चालेल का?' असं विचारू नका.

वडीलधाऱ्यांच्या खाण्याची मात्र खरी सोय करायला हवी. बाहेरचं खात नाहीत म्हणजे नक्की काय? लग्नात जेवतात ना? अक्कलकोटला, गाणगापूरला गेलं की प्रसाद घेतात, एखाद्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात डोसा खातात? मग अडचण बाहेरच्या अन्नाची नाही, त्याच कढईत काय तळलं असेल या शंकेची आहे. मॉरिशसमध्ये ती शंका बरीच कमी होते. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर म्हणून आपल्याकडची माणसं तिकडे गेली, बिहारकडची, तमिळ, तेलुगू आणि मराठीही. त्यांचीच पुढची पिढी तिथे संख्येनं सगळ्यात मोठी. पोर्ट लुईला ते मजूर ज्या धक्क्यावर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे, सासऱ्यांना दाखवा. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्यामुळे कांदा-लसणापासून कोथिंबीर-कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, डाळ-तांदूळही. बरंचसं बाहेरून येत असल्यानं महाग पडतं, इतकंच. रस्त्यावरची ढोलपुरी हा तुमच्या मंडळींचा पहिला घास असू द्या. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, गोड नसते, वर उसळीसारखी भाजी आणि तिखट चटणी. नुसती शाकाहारी हवी म्हणून सांगायचं. 'गातो पिमाँ' म्हणजे आपले डाळवडेच, आकारानं लहान. बसून जेवायचं असेल तर रिसॉर्टला आठवडाभर आधी लेखी कळवा, की तिघं जण मांस, मासे, अंडं काहीच खात नाहीत आणि वाढायचे चमचे वेगळे हवेत. तोंडी सांगितलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

घरून काय न्यायचं, याचं उत्तर सोलापूरकराला बाहेरच्यानं द्यावं असं काही नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, जाळ लागत नाही, काचेची चूलही लागत नाही. दही आणि शेंगाचटणीबरोबर मोडून खाल्ली की वडीलधाऱ्यांची रात्र निघते. डब्यात भरून मोठ्या बॅगेत टाका, चटणीची भुकटी हातातल्या बॅगेत ठेवून सुरक्षा तपासणीत वेळ घालवू नका. ताजी फळं, भाज्या, रोपं, बियाणं मात्र परवान्याशिवाय नेता येत नाही. आत्येसासूबाईंनी तुळशीच्या मंजिऱ्या पदरात बांधल्या असतील तर घरीच सोडवा. विमानतळावर कुणी विचारलं तर खाण्याचं जे काही आहे ते सांगून टाकायचं, लपवायचं नाही. वडीलधाऱ्यांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. झोपेच्या किंवा दुखण्याच्या काही गोळ्यांबाबत तिकडे फार कडक आहेत.

रिसॉर्ट कोणत्या किनाऱ्यावर आहे तेही विचारून घ्या. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडचे वारे पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. बेल मारच्या बाजूला पाणी सुंदर, पण वारा अंगावर येतो. उत्तरेला ग्रां बे, त्रू ओ बिश किंवा पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक असेल तर उत्तम. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं जिथे खरोखर पाण्यात बसू शकतात असा समुद्र तो हाच. दक्षिणेकडे ग्री-ग्रीजवळ ती भिंत नाही. तिथे कड्यावरून लाटा बघायच्या, पाण्यात पाय घालायचा नाही.

सासूबाईंना काय घालायचं, तर साडी नाही. ओली साडी पायात गुंतते, जड होते आणि बसलेल्या माणसाला उठू देत नाही. नायलॉन-लायक्राचा पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा वेष मिळतो, वरून गुडघ्यापर्यंत सैल झगा येतो तो घ्या. सगळं अंग झाकतं आणि पाण्याबाहेर आल्यावर चिकटत नाही. पूलमध्ये तर सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालतच नाहीत, पुरुषांच्या हाफ पँटीसुद्धा. पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांनाच हवेत. वाळूत काटेरी समुद्री अर्चिन असतात, आणि दगडमासा दगडासारखाच दिसतो, त्याचा काटा विषारी असतो. आधी नवी पेठेत बघा, नाही मिळाले तर ऑनलाइन मागवा. पोहण्याचे वेष मात्र दोन घ्या, एक तुम्हाला. सासूबाई पाण्यात आणि तुम्ही काठावर चपला सांभाळत, असं व्हायला नको. आणि हो, टॉवेल नेऊ नका. रिसॉर्ट किनाऱ्यासाठी टॉवेल देतं, त्याचं कार्ड असतं, हरवलं की पैसे कापतात. टॉवेलवाल्यांच्या घरच्यांनी टॉवेलचा दंड भरू नये एवढं बघा.

एखादा दिवस गंगा तलावाला ठेवा. डोंगरावरच्या जुन्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, काठावर देवळं आणि १०८ फुटी महादेव. तो भाग उंचावर, गार आणि पावसाळी, म्हणून वडीलधाऱ्यांना शाल लागेल. गाडी चालक असलेली घ्या. एक दिवस पांपलमूसच्या बागेला, तिथल्या तळ्यात परातीएवढ्या पानांची कमळं आहेत आणि चालायची वाट सपाट आहे. बाकीचे दिवस ठरवू नका.

आता ह्यांच्या सभासदत्वाचं. रिसॉर्टवर दुसऱ्या दिवशी गोड आवाजात बोलावणं येईल. दीड तासाची भेट, चहा, काहीतरी भेटवस्तू, मुलांना किड्स क्लबमध्ये आइसक्रीम. नवरा-बायको दोघंही हवेत असा आग्रह असतो, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोय उरत नाही. मग एक दर सांगतात, तुम्ही नाही म्हणता, मोठे साहेब येतात, दर उतरतो, पण फक्त आजच्यापुरता. जायचंच नसेल तर भेटवस्तू घेऊ नका. भाऊजींच्या भिडेखातर जावं लागलं तर दोघांनी आधीच ठरवून जा, की बेटावर सही करायची नाही. 'कागद द्या, सोलापूरला जाऊन वाचतो' एवढंच उत्तर, कितीही वेळा विचारलं तरी.

ह्यांना गणित हवं असेल तर असं मांडा. समजा पाच लाखांचं सभासदत्व, पंचवीस वर्षांसाठी. त्याच पाच लाखांची मुदत ठेव केली तर सात टक्क्यांनी वर्षाला पस्तीस हजार व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहतं. सभासदत्वात मुद्दल गेलं आणि वर वार्षिक शुल्क. समजा वीस हजार, जे दरवर्षी वाढत जातं. म्हणजे पंचावन्न हजारांची आठवडाभराची खोली, प्रवास वेगळा, जेवण वेगळं. दरवर्षी न चुकता, सहा-सहा महिने आधी ठरवून, जोडून सुट्ट्या काढून जाणाऱ्या कुटुंबाला हा सौदा कधीकधी परवडतो. तुमच्या धंद्यात ऑर्डर आली की दिवाळीतही युनिट चालू. तुमचे किती आठवडे वाया जातील हे हिशोबाची वही सांभाळणाऱ्या तुम्हालाच ठाऊक. 'नको झालं तर विकू' हे तर धरूच नका. जुन्या सभासदत्वाला बाजारात गिऱ्हाईक क्वचितच मिळतं, मिळालं तर मातीमोल दरानं. कुणी 'कंपनी परत घेते' म्हणालं तर ते वाक्य करारात लिहून मागा, आवाज लगेच खाली येतो. मुलाच्या नावावर होतं हेही सांगतील. होतं, आणि वार्षिक शुल्कही त्याच्याच नावावर होतं.

तरीही ह्यांचा जीव अडकलाच तर भारतातल्या कंपनीचं घ्या, इथे, करार वाचून, रद्द करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघून. पुढे भांडण झालंच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते; १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलताही येतं. परदेशी कंपनीच्या कागदावर परदेशात सही केली तर दाद मागायला जायचं कुठे?

राहिलं कागदपत्रांचं. मॉरिशसला भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पुरावा आणि जाण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन अर्ज एवढं लागतं. पण तिघा वडीलधाऱ्यांचे पासपोर्ट आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर उद्याच कामाला लागा. पोस्टातलं सेवा केंद्र सोलापुरातच आहे, मात्र आत्येसासूबाईंचं नाव आधारवर एक आणि बँकेत एक असेल तर आधी ते जुळवून घ्यावं लागेल आणि त्यातच वेळ जातो. आठही जणांचा प्रवास विमा काढा, वयस्करांचा आधी. पैशांसाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकी चलन भरलेलं कार्ड, ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण प्रत्येक ढोलपुरीवाल्याकडे असेलच असं नाही.

मुंबईहून थेट विमानाला सहा तासांच्या वर लागतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळचं विमान गाठायचा धाडसी बेत कुणी आखला तर हाणून पाडा, आदल्या दिवशी पोचा. तिकडे फ्लॅट दुपारी तीन-चारच्या आधी मिळत नाही आणि निघायच्या दिवशी दहाला सोडावा लागतो, म्हणून दोन्ही दिवसांचे कपडे वरच्या बॅगेत ठेवा. आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो. विमान त्या दिवशी नसेल तर एक रात्र हॉटेलची धरा. आणि परतल्यावर सोमवारी युनिट ह्यांना उघडू द्या, हिशोबाची वही मंगळवारी बघितली तरी चालते.